टेलच्या पेशी

“ताई, तुझ्या कॉलेजात ती सामू मोजायची पट्टी असती ना? दहा-बारा आणशील का येताना?”

आतेभावाचा फोन आला तेव्हा मी बारावीच्या प्रॅक्टिकलसाठी बाटल्यांना चिठ्ठ्या डकवत बसले होते. वाटलं, याला मुरघासाचा सामू बघायचा असेल. गेली तीन वर्षं तो मक्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद पिशवीत मुरवलेला हिरवा चारा, घालतो, त्याच्या आठ म्हशी त्यावर उन्हाळा काढतात. सामू हा शब्द आमच्या परभणीकडं रसायनशास्त्राच्या बाईंपेक्षा शेतकऱ्याच्या तोंडी जास्त. माती परीक्षणाच्या कागदावर तो असतोच. वर्गात मी पीएच म्हणते, गावाकडं गेले की सामू. आकडा सातच्या खाली तर आम्ल, वर तर अल्कलाइन. पट्ट्यांचं एक पुडकं पर्समध्ये टाकलं आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं गाव गाठलं.

सामू मुरघासाचा बघायचा नव्हता. आत्याचा बघायचा होता.

आत्याला महिनाभरापूर्वी गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला होता. पाळी जाऊन आठ वर्षं झालेली बाई. अंगावरून लाल जायला लागलं. चार महिने कुणाला बोलली नाही, मग मला बोलली, तेही चुलीपुढं, जाळाकडं बघत. त्याआधी पांढरं जायचं, त्यावर तालुक्याच्या एका दवाखान्यात वर्षभर गोळ्या चालल्या. तपासायच्या टेबलावर तिला कुणी झोपवलं नाही, आणि खरं सांगायचं तर ती झोपलीही नसती. हे मला जास्तच टोचतं, कारण याच आजारावरचा जगभर नावाजलेला एक अभ्यास आपल्याच मराठवाड्यात झालेला आहे. धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर. त्याचे निष्कर्ष २००९ साली छापून आले. हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूची आयुष्यात एकदाच तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. एकदाच. आत्याच्या वाट्याला ती एकदाही आली नाही.

तर पट्टी. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरत होता, मीही तो वाचून पुढं सरकवला होता. ‘नोबेल विजेते डॉ. ओटो वॉरबर्ग यांनी सिद्ध केले आहे की कॅन्सर फक्त आम्लात आणि ऑक्सिजन नसलेल्या जागी वाढतो. शरीर अल्कलाइन करा, गाठ विरघळेल.’ खाली कृती: सकाळ-संध्याकाळ लिंबूपाण्यात चमचाभर खायचा सोडा. आतेभाऊ बारा दिवस आईला ते पाजत होता. आता ते लागू पडलं की नाही हे त्याला मोजून बघायचं होतं. शेतकरी माणूस, मोजल्याशिवाय त्याचं समाधान होत नाही.

त्या संध्याकाळी सोडा बंद ठेवला. सकाळी आत्यानं डब्यात लघवी आणून दिली, पट्टी बुडवली, रंग सहाशी जुळला. मग सोडा दिला. लिंबाच्या रसात सोडा पडला की फेस येतो. तो फेस म्हणजे दोघांची आपसातली भांडणं आणि उडून जाणारा कार्बन डायऑक्साइड. गाठीपर्यंत पोचायच्या आधीच निम्मी लढाई पेल्यात संपते. आत्यानं नाक धरून घोट घेतले. “तुरट लागायलंय गं माय, धुण्याच्या पाण्यावाणी.” दुपारी परत पट्टी बुडवली. आठ.

“बघ ताई! आठ!” त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी गेल्या महिनाभरात पाहिलं नव्हतं.

आणि मी गप्प बसले. वर्षातून तीन तुकड्यांना बफर द्रावण, म्हणजे सामू सहजी हलू न देणारं द्रावण, शिकवणारी बाई गप्प बसली. मला माहीत होतं की लघवीचा सामू साडेचारपासून आठपर्यंत कुठंही जाऊ शकतो, आणि तो आठवर गेला याचा अर्थ मूत्रपिंडांनी सोडा उचलून बाहेर टाकला एवढाच. पट्टीवर जे दिसत होतं ते हकालपट्टीचं पाणी होतं. रक्त तिकडं ७.३५ ते ७.४५ च्या पट्टीतून हललेलं नसणार. पण त्याच्या हाताला काहीतरी काम मिळालं होतं, आणि गाठीच्या आत नक्की काय असतं हे त्या दिवशी मला तरी कुठं ठाऊक होतं? पट्ट्यांचं पुडकं त्याच्यापाशीच ठेवून मी रविवारी परत आले.

आठवड्याभरात आत्याच्या पायांवर सूज आली. संभाजीनगरला सरकारी दवाखान्यात फाईल निघाली होती, तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पाय दाबून बघितला, बोट रुतलं, रक्तदाब घेतला आणि विचारलं, “मावशी, खाण्यात नवीन काय चालू आहे?” आत्या माझ्याकडं बघायला लागली. मी सांगितलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, “सोड्यात सोडियम असतं हे आता तुम्हाला मी सांगायचं का?” माझ्या कागदावर व्यवसायापुढं प्राध्यापक, रसायनशास्त्र लिहिलेलं होतं.

त्या रात्रीपासून मी वाचायला लागले. शरमेनं माणूस जेवढं वाचतो तेवढं परीक्षेसाठी वाचत नाही.

सगळ्यात आधी हाती लागलं ते १९५५ सालचं एक संशोधन. टॉमलिन्सन आणि ग्रे नावाच्या दोघांनी फुप्फुसाच्या कॅन्सरच्या चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. गाठीतल्या पेशींचे जाडसर दोर पडलेले असतात आणि रक्तवाहिन्या दोराच्या बाहेरून जातात. बारक्या दोरातल्या सगळ्या पेशी जिवंत. दोर जाड झाला की मधोमध मेलेला भाग. आणि रक्तवाहिनीपासून त्या मेलेल्या भागापर्यंतचं अंतर जवळजवळ ठरलेलं, दीडशे मायक्रॉनच्या आसपास. वहीची दीड-दोन पानं एकावर एक ठेवली तर होईल तेवढी जाडी. त्यांनी गणित मांडलं: रक्तातला ऑक्सिजन पेशी पेशीनं पीत पीत पुढं जातो, आणि एवढ्या अंतरावर तो संपतो.

हे वाचलं आणि मला आत्याचं शेत दिसलं.

पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली. त्याचा डावा कालवा दोनशे किलोमीटरच्या पुढं जातो, जालना ओलांडून आमच्या परभणीत उतरतो. कालव्यातून शाखा, शाखेतून चारी, चारीतून शेत. आत्याचं शेत चारीच्या टेलला. मराठीत शेपूट म्हणत नाहीत कुणी, टेलच म्हणतात. ‘आमी टेलचे’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. पाण्याची पाळी सुटली की डोक्याकडचे आधी भरून घेतात, त्यात चोरून मोटारी टाकणारे असतात, पाट गळका असतो, आणि टेलला पाणी येतं ते ओल म्हणून. आत्याचे सासरे म्हणायचे, पाण्याला पाय असतात पण टेलपर्यंत येईस्तवर ते दुखतात. रक्तवाहिनीजवळची पेशी म्हणजे डोक्याकडचा उसवाला. दीडशे मायक्रॉनवरची पेशी टेलची.

टेलचा शेतकरी पाणी नाही म्हणून लगेच मरत नाही. तो पीक बदलतो. गाठीतली पेशीही तेच करते, आणि ते कसं करते हे कळायला पुढं चाळीस-पन्नास वर्षं गेली. प्रत्येक पेशीत ‘हिफ’ नावाचं एक प्रथिन सतत तयार होत असतं आणि तयार झाल्या झाल्या मोडलं जात असतं. मला ते रोज लिहिला जाणारा आणि रोज फाडला जाणारा अर्ज वाटतो: ‘हवा पुरत नाही, दुसरी सोय करा.’ गंमत अशी की अर्जावर ‘फाडा’ अशी खूण करणाऱ्या कारकुनाची मजुरी म्हणजेच ऑक्सिजन. ऑक्सिजन आहे तोवर खूण होते, अर्ज फाटतो. ऑक्सिजन संपला की कारकून हात आखडतो, अर्ज फाटायचा राहतो आणि थेट पेशीच्या केंद्रकात जाऊन पोचतो. ही भानगड उलगडणाऱ्या तिघांना, ग्रेग सेमेन्झा, पीटर रॅटक्लिफ आणि विल्यम केलिन यांना, २०१९ चं नोबेल मिळालं.

अर्ज पोचला की काय काय होतं? साखर आत घेणारी दारं वाढतात. साखर ऑक्सिजनवर पूर्ण जाळायचं काम थांबवलं जातं आणि ती अर्धवट मोडून लॅक्टिक आम्ल करायचा धंदा जोरात चालू होतो. हा धंदा तोट्याचा आहे. ऑक्सिजनवर जाळली तर ग्लुकोजच्या एका रेणूतून ऊर्जेची तिसेक नाणी मिळतात, अशी मोडली तर दोन. तोटा भरून काढायला पेशी साखर ओरबाडते, आणि जितकी ओरबाडते तितकं आम्ल निघतं.

मग बोअरवेल. हिफ नव्या रक्तवाहिन्या मागवतो. दुष्काळात तामिळनाडूच्या नंबरप्लेटच्या बोअरच्या गाड्या आपल्या गावोगाव रात्रभर घरघरत असतात, कुणी पाचशे फूट, कुणी आठशे, एकाला पाणी लागलं की शेजारी लगेच त्याच्या बांधाला बोअर घेतो, आणि सगळ्यांची मिळून पातळी खाली जाते. गाठीतल्या रक्तवाहिन्या तशाच घाईघाईनं काढलेल्या असतात: वाकड्यातिकड्या, गळक्या, काही तर पुढं बंदच. त्यामुळं वाहिन्या वाढूनही टेल टेलच राहते. आणि गळक्या वाहिनीतून ऑक्सिजन जसा धड येत नाही तसं आम्ल धड वाहूनही जात नाही.

हे आम्ल पेशीच्या आत साठलं तर तीच मरेल. म्हणून ती ते बाहेर फेकते. घर झाडून कचरा गल्लीत लोटणाऱ्या बाया आपण पाहिलेल्या असतात, तसं. लॅक्टिक आम्लाचे दोन तुकडे, लॅक्टेट आणि आंबटपणा आणणारा हायड्रोजन आयन, जोडीनं बाहेर काढणारे पंप आहेत, सोडियम आत घेऊन हायड्रोजन आयन बाहेर सोडणारे वेगळे आहेत. पण मला सगळ्यात हुशार वाटलं ते कार्बोनिक ॲनहायड्रेज ९ नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम. हवा कमी पडली की हिफ ते पेशीच्या बाहेरच्या अंगाला बसवतो. पेशीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड बाहेर आला की हे विकर त्याची पाण्याशी गाठ घालून दोन तुकडे करतं: एक बायकार्बोनेट, एक हायड्रोजन आयन. बायकार्बोनेट पेशी परत आत ओढून घेते, हायड्रोजन आयन दारातच पडून राहतो. बायकार्बोनेट म्हणजे कोण? सोड्यातलंच ते! कॅन्सरची पेशी स्वतःचा सोडा स्वतः करून पिते.

हिशेब असा लागतो: पेशीच्या आतला सामू ७.२ च्या वर, निरोगी पेशीइतका किंवा किंचित जास्तच. बाहेरचा पुष्कळदा ६.५ ते ६.९. ‘अल्कलाइनमध्ये कॅन्सर जगत नाही’ म्हणणाऱ्याला हे सांगायला हवं की ती पेशी आतून अल्कलाइनच आहे, आंबट केलंय ते तिनं शेजाऱ्याचं अंगण. आणि ७.४ वरून ६.८ हा फरक दिसायला अर्ध्या गुणाचा असला तरी सामूची पट्टी दहाच्या पटीत चालते. तेवढ्यात हायड्रोजन आयन चौपट होतात. हे वाक्य मी वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलेय, ‘एका अंकाला दहापट’, खाली दोन रेघा मारून. मुलं वहीत उतरवून घेतात. मीही तसंच उतरवून घेतलं होतं कधीतरी.

आता तो वॉरबर्ग. माणूस खरा, नोबेल खरं. पण १९३१ चं ते नोबेल श्वसनाच्या विकरावरच्या कामासाठी होतं, कॅन्सरचं कारण सिद्ध केल्याबद्दल नव्हे. १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये त्यानं जे पाहिलं ते जास्त विचित्र होतं: गाठीच्या चकत्या भरपूर ऑक्सिजनमध्ये ठेवल्या तरी लॅक्टिक आम्ल करतच राहिल्या. म्हणजे पाणी आलं तरी पीक परत न बदलणारा शेतकरी. त्यावरून त्यानं काढलेला अर्थ, की पेशीचं श्वसनच मोडलं आणि त्यातून कॅन्सर झाला, पुढं तसा टिकला नाही. बहुतेक गाठींमध्ये श्वसनाची यंत्रणा शाबूत सापडते. आणि कमी हवा म्हणजे आम्ल हे समीकरण जागेवर तपासायला गेलं तर तेही इतकं सरळ नाही. १९९७ साली बोस्टनला राकेश जैन यांच्या गटानं जिवंत गाठीत रक्तवाहिनीपासून पावलापावलानं दोन्ही मोजलं. सरासरी काढली तर लांब जाताना ऑक्सिजनही घसरतो, सामूही. पण एकेक जागा बघितली तर दोन्हींचा मेळ बसेना. काही वाहिन्यांतून रक्त वाहतं पण त्यात ऑक्सिजन उरलेला नसतो, काही पेशी हवेत बसूनही आम्ल करतात. फॉरवर्डमध्ये एवढं मावत नाही, मान्य.

हे सगळं आतेभावाला कसं सांगायचं? शेवटी त्यानंच वाट दिली. पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा त्याचं मुरघास भरणं चालू होतं. कुट्टी यंत्राखाली हिरवा मका पडत होता, दाणे चिकात आलेले, आणि तो नि गडी पिशवीत उतरून पायांनी दाबत होते.

“एवढं दाबतोस कशाला?”

“हवा ऱ्हायली की बुरशी धरती ना. सगळी हवा काढावी लागती.”

“हवा काढली की काय होतं?”

“आंबतंय. सामू चारवर येतो. मंग काय बी होत न्हाई त्याला, सहा महिने बघाया नगं.”

मी म्हटलं, “आत्याच्या गाठीत हेच झालंय. मधल्या पेशींना हवा पोचत नाही. त्या आंबतात.”

तो दाबायचा थांबला. उपमा लंगडी आहे हे मला माहीत आहे. मुरघासात आम्ल करतात ते जिवाणू, गाठीत माणसाच्याच पेशी. मुरघास चारवर जातो, गाठ सहाच्या खाली सहसा उतरत नाही. पण त्याला जे कळायचं ते कळलं. क्षणभर थांबून तो म्हणाला, “म्हंजी आंबट झालं म्हणून गाठ न्हाई. गाठीनं आंबट केलंय.”

एवढं नेमकं वाक्य मला दोन आठवडे वाचूनही सुचलं नव्हतं.

“मंग वरून सोडा टाकला तर?”

“तुझ्या काळ्या रानाचा सामू किती?”

“आठ. आठाच्या बी वर.”

“त्यात बादलीभर लिंबाचा रस ओतला तर सात होईल?”

तो हसला. “खाली समदी चुनखडी हाय. गिळून टाकील.”

रक्त तसंच आहे म्हटलं. रक्तातच बायकार्बोनेटचा साठा, वर फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड काढायला, मूत्रपिंडं उरलेलं फेकायला. तू जे पाजतोस ते लघवीत निघतं, त्याची पट्टी तू बघितलीस. त्यानं खिशातून पुडकं काढून मला परत दिलं. चार पट्ट्या उरल्या होत्या.

त्याला मी तेव्हा सांगितलं नाही, पण इथं लिहायला हवं, कारण लपवलं तर मीही फॉरवर्डवाल्यांतलीच. सोड्याची गोष्ट संपूर्ण खोटी नाही. २००९ साली उंदरांवर असा प्रयोग झाला होता: पिण्याच्या पाण्यात बायकार्बोनेट घातलं, गाठीभोवतीचा सामू थोडा वर आला आणि कॅन्सर दुसरीकडं पसरण्याचं प्रमाण घटलं. मागचा विचार पटण्याजोगा होता. बाहेर फेकलेलं आम्ल गाठीला फुकट नसतं, त्याचा तिला फायदा आहे. आजूबाजूच्या निरोगी पेशी त्यात तग धरत नाहीत. पेशींना धरून ठेवणारी जाळी कुरतडणारी विकरं आंबटात जोमानं चालतात, वाट मोकळी होते. गाठीवर चालून आलेल्या टी-पेशी, म्हणजे शरीराचे शिपाई, त्या आम्लात बधिर पडतात. डॉक्सोरुबिसिनसारखी केमोची किंचित अल्कधर्मी औषधं बाहेरच आयन होऊन अडकतात, आत कमी शिरतात. तेव्हा बाहेरचं आंबट कमी करावं, हा विचार शहाण्या माणसांनी केला होता. पण उंदराच्या हिशेबानं माणसाला किती सोडा लागेल हे मांडलं तर तो घशाखाली उतरवणंच मुश्कील. माणसांवर करून पाहायला गेले तेव्हा लोकांना ती चव आणि पोटातली ढवळाढवळ झेपली नाही. चमचाभर सोड्यानं पाय सुजले तेवढे.

आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. टेलच्या पेशींनी बाहेर फेकलेलं लॅक्टेट वाहिनीजवळच्या, हवा मिळणाऱ्या काही पेशी उचलतात आणि तेच जाळून भागवतात, त्यामुळं साखर पुढं टेलपर्यंत जाऊ शकते. डोक्याकडच्यानं टेलवाल्यासाठी मागं सारणं! चारीवर असं झालेलं मी जन्मात पाहिलं नाही.

आत्याचं हिमोग्लोबिन ७.२ होतं. आमच्याकडच्या बाईचं एवढं असतंच असं म्हणून मी ते सोडून दिलं असतं, पण डॉक्टरीणबाईंनी शेक, म्हणजे किरणांचे उपचार, सुरू करायच्या आधी रक्ताच्या दोन पिशव्या लावल्या. दहाच्या वर पाहिजे म्हणाल्या. तोवर माझं वाचन तिथपर्यंत आलं होतं, म्हणून मला त्याचं कारण कळलं, आणि कळल्यावर बाकावर बसून राहवेना, मी उगीचच वऱ्हांड्यात फेऱ्या मारल्या. किरणांनी पेशीचा डीएनए तुटतो, पण ती तूट पक्की करायला तिथं ऑक्सिजन लागतो. हवा नसलेल्या पेशीला मारायला अडीच ते तीन पट किरणं लागतात. म्हणजे आंबट, उपाशी, टेलची पेशीच शेकातून वाचते आणि पुढं परत उठते. रक्तच पातळ असलं तर टेल आणखी अलीकडं सरकते.

आत्याच्या फाईलवर लिहिलं होतं: ५० ग्रे, २५ भागांत. रोज दोन ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, शिवाय आठवड्याला एक केमोचं सलाइन, आणि शेवटी आतून शेक. हा ग्रे म्हणजे तोच, १९५५ च्या त्या चकत्यांवाला लुई हॅरॉल्ड ग्रे. किरणांच्या मापाला त्याचं नाव दिलेलं आहे. ज्या माणसानं टेल मोजली त्याच्याच नावानं आत्याचा डोस मोजला जात होता, आणि त्या कागदाला आतेभावाच्या हाताचं म्हशीचं तूप लागलेलं होतं.

“पंचवीस डाव कशाला? येकदाच दिऊन टाका म्हणावं,” आत्या म्हणायची. पाच आठवडे परक्या गावात भाड्याच्या खोलीत काढायचे होते, म्हशींची धार कोण काढतंय याची तिला काळजी. भाग पाडण्यामागं बरीच कारणं आहेत, त्यातलं एक मी तिला सांगितलं, आणि तिला ते माझ्यापेक्षा लवकर समजलं. पहिल्या शेकात हवेतल्या, वाहिनीजवळच्या पेशी जास्त मरतात. त्या मेल्या की त्या पीत होत्या तो ऑक्सिजन पुढं सरकतो. काल जी टेल होती तिला आज हवा मिळते, आणि आज मिळाली की आजच्या शेकात तीही सापडते.

“म्हंजी वरल्याचं भरणं झालं की आपल्याकडं पाणी येतंय, तसं.”

“तसंच.”

“आन पाणी आलं की मारायचं.”

मला पुढं बोलता येईना. पाटाची उपमा इथं येऊन अशी उलटते याचा मी विचारच केला नव्हता. आयुष्यभर टेलला पाणी यावं म्हणून पाटकऱ्याच्या मागं फिरलेल्या बाईला मी सांगत होते की तुझ्या आत टेलपर्यंत हवा पोचवायची ती तिथल्यांना मारण्यासाठी. आत्यानं पदरानं तोंड पुसलं आणि खोलीतल्या बाईला विचारलं, इथं दूध कितीनं मिळतं.

डेन्मार्कमध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरला शेकाबरोबर निमोराझोल नावाची गोळी देतात, ती हवा नसलेल्या पेशीत ऑक्सिजनची बदली कामगार म्हणून उभी राहते. बाकी जगात तिचा फारसा प्रसार झाला नाही. विडी सोडायला सांगतात ती खोकल्यासाठीच नव्हे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो. शेजारच्या खाटेवरच्या काकांना घशाचा होता आणि ते शेक घेऊन आल्यावर जिन्यात उभं राहून विडी ओढायचे. मी त्यांना एकदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, “पोरी, एवढं शिकलीस तर ही जागा कुठं भाड्यानं मिळती ते बघ, माझी बायको बाकावर झोपायली.”

पाचव्या आठवड्यात आत्याला जुलाब झाले, वजन चार किलो उतरलं. आतून शेक द्यायच्या वेळी ती माझा हात सोडेना. त्याविषयी मला इथं लिहायचं नाही.

मे महिन्यात मी गावी गेले. आत्या तीन महिन्यांच्या तपासणीला जाऊन आली होती, डॉक्टरीणबाईंनी आता दिसत नाही म्हटलं होतं, परत तीन महिन्यांनी बोलावलं होतं. ती गोठ्याजवळच्या लिंबाखाली बाजेवर बसली होती, केस पांढरे, पायांची सूज उतरलेली. आतेभावानं मुरघासाची पिशवी फोडली आणि तो आंबट, गोडसर, ताडीसारखा वास सगळ्या आवारात सुटला. म्हशी दावणीला ओढ घ्यायला लागल्या. उरलेल्या चार पट्ट्या माझ्या पर्समध्ये तशाच होत्या. एक काढली, मूठभर मुरघास पिळून त्याच्या रसात धरली. केशरी. चारच्या खाली नाही, वरही नाही.

आत्यानं हात पुढं करून पट्टी घेतली, उन्हात धरून बघितली.

“माझं किती व्हतं गं तवा? गाठीतलं?”

“ते कुणी मोजलंच नाही आत्या. दवाखान्यात ते मोजत नसतात.”

“बरं झालं,” ती म्हणाली, “मोजलं असतं तर यानं अजून सोडा पाजला असता.”

आतेभाऊ घमेलं भरून म्हशींकडं निघाला होता, त्याला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तिनं पट्टी बाजेच्या सुंभात खोवून ठेवली.